पडदा बदलताना विचारले कोणाला जाते?

सुरत जिल्ह्यातील कामरेज तालुक्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि नंदुरबार, धुळे, डांग, तापी या जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबे कोयते, भांडीकुंडी व लहान मुले घेऊन दक्षिण गुजरातेतील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात पडाव टाकून राहतात. नवी पारडी येथील कामरेज विभागाचा कारखाना, तसेच बारडोली, मढी, सायण, चलथाण येथील कारखाने यांचे गाळप पुष्कळ अंशी याच मजुरांच्या बळावर चालते आणि हंगाम उलटेपर्यंत त्यांचे बिऱ्हाड उघड्या रानातल्या खोपट्यांत असते. घरात भिली, मावची, कोकणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या या कुटुंबांपैकी जी महाराष्ट्रातून येतात, त्यांचे सरकारी व्यवहार गावी मराठीत होतात आणि कामरेजला आल्यावर ते गुजरातीत होऊ लागतात. अशा कुटुंबातील सहा वर्षांखालील मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या यादीत असते; त्याला पोषण आहार कामरेजच्या अंगणवाडीत मिळायचा असेल, तर ते नाव एका यादीतून दुसऱ्या यादीत जावे लागते, आणि ही यादी आता वहीत नसून ‘पोषण ट्रॅकर’ नावाच्या ॲपमध्ये, मोबाईलच्या पडद्यावर आहे.

महाराष्ट्रात जिला अंगणवाडी सेविका म्हणतात, तिला गुजरातेत कार्यकर म्हणतात आणि तिच्या मदतनिसाला तेडागर. अक्कलकुवा किंवा नवापूर तालुक्यातील सेविका आणि कामरेज तालुक्यातील कार्यकर या दोघींची भाषा वेगळी, राज्य सरकार वेगळे, मानधनही वेगळे. मात्र त्यांच्या हातातील पडदा एकच आहे, आणि त्यावर कोणता रकाना कुठे असावा, कोणती पायरी सक्तीची असावी, कोणते बटण काढून टाकावे, हे दोघींपैकी कोणीही ठरवलेले नाही. सॉफ्टवेअर घडवणाऱ्या संस्था, मग त्या खासगी कंपन्या असोत वा सरकारी यंत्रणा, पडदा बदलताना वापरणाऱ्यांचे म्हणणे खरोखर ऐकतात का, हा प्रश्न एरवी शहरी संगणक-व्यवसायाच्या चर्चेत विचारला जातो. त्याचे सर्वात कठोर उत्तर मात्र अंगणवाडीच्या दारात मिळते, म्हणून या लेखाचा मुख्य भार तिथे आहे. तिथपर्यंत पोहोचण्याआधी मोठ्या कंपन्यांच्या वर्तनाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये असलेल्या दृश्य मांडणीला, म्हणजे बटणे, रकाने, चित्रखुणा, सूचना आणि त्यांचा क्रम यांना मिळून ‘इंटरफेस’ म्हणतात. या मांडणीत बदल झाला की वापरणाऱ्याचा अभिप्राय कंपनीपर्यंत तीन वाटांनी जातो. पहिली वाट शब्दांची: तक्रार, पत्र, ॲप-दुकानातील शेरा, सह्यांचे निवेदन. दुसरी वर्तनाची: माणूस कुठे बोट ठेवतो, कुठे थांबतो, कोणत्या पायरीवर काम अर्धवट सोडतो याची नोंद सॉफ्टवेअर स्वतःच करून कंपनीकडे पाठवते आणि या दूरस्थ मोजणीला ‘टेलिमेट्री’ म्हणतात. तिसरी वाट निघून जाण्याची. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले होते की, संस्थेचा दर्जा घसरला की तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे हे दोन मार्ग असतात, आणि निष्ठा या दोहोंमधील निवडीवर परिणाम करते. हर्शमन रेल्वे, शाळा आणि राजकीय पक्ष यांच्याविषयी लिहीत होते, तरी मोबाईलच्या पडद्याला त्यांची मांडणी जशीच्या तशी लागू पडते.

शब्दांपेक्षा वर्तनाच्या नोंदीवर कंपन्यांचा अधिक विश्वास असतो आणि त्याला कारणे आहेत. मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २००७’ची आखणी करताना संमती दिलेल्या वापरकर्त्यांच्या संगणकांवरून लक्षावधी सत्रांची माहिती गोळा केली होती. ‘वर्ड २००३’मध्ये दीड हजारांच्या आसपास आज्ञा साठल्या असताना प्रत्यक्ष वापरापैकी सुमारे एकतृतीयांश वापर चिकटवणे, जतन करणे, नक्कल करणे, मागे घेणे आणि ठळक करणे या पाच आज्ञांचाच होता, असे त्या नोंदींतून दिसले. त्या आधारे जुन्या उतरत्या याद्या काढून वर आडवी पट्टी आणली गेली, जिला ‘रिबन’ म्हणतात. सवयीच्या लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केला, कंपनी बधली नाही, आणि आज ती पट्टी इतकी रुळली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा क्वचितच भेटतो. या प्रकरणात शब्द मानले नाहीत म्हणून कंपनीला दोष देणे न्यायाचे होणार नाही, कारण तिने हातांचे म्हणणे ऐकले होते.

त्याच कंपनीने त्याच पद्धतीने काही वर्षांनी मोठी चूक केली. ‘विंडोज ७’मध्ये ‘स्टार्ट’ यादीचा वापर आधीच्या ‘व्हिस्टा’च्या तुलनेत ११ टक्क्यांनी घटला आहे, असे टेलिमेट्रीतून दिसल्याचे तिने २०११ मध्ये सांगितले आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या ‘विंडोज ८’मधून ती यादी व तिचे बटण दोन्ही काढून टाकले. एखाद्या गोष्टीकडे लोक कमी वेळा जातात याचा अर्थ ती त्यांना नको आहे असा होत नाही, ती अडीअडचणीचा आधार असू शकते, हे मोजणीतून कळले नाही. लोक मात्र पूर्वचाचणीच्या काळापासून ते शब्दांत सांगत होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘विंडोज ८.१’बरोबर बटण परत आले, आणि पूर्ण यादी परत यायला २९ जुलै २०१५ उजाडला. मधल्या काळात असंख्य कचेऱ्या जुन्या ‘विंडोज ७’वरून हलल्या नव्हत्या. कंपनीचा निर्णय फिरण्यामागे तक्रारींपेक्षा हे न हलणे अधिक प्रभावी ठरले, असा निष्कर्ष काढणे वावगे होणार नाही.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांची उदाहरणे याच दिशेने बोट दाखवतात. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने मित्रांच्या हालचालींचा एकत्रित प्रवाह पहिल्या पानावर आणला, तेव्हा त्याच्या निषेधासाठी फेसबुकवरच स्थापन झालेल्या गटात काही दिवसांत सात लाखांच्या वर लोक जमले. मार्क झुकरबर्ग यांनी माफी मागितली, खासगीपणाची काही नियंत्रणे दिली, परंतु प्रवाह काढला नाही, कारण निषेध करणारी माणसे त्याच प्रवाहातून निषेधाची बातमी वाचत होती आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ तिथे घालवत होती. याच्या उलट स्नॅपचॅटने २०१७-१८ च्या हिवाळ्यात पडद्याची फेररचना केली तेव्हा १२ लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन आले, तरी कंपनीने प्रथम लोक रुळतील असेच सांगितले. मे २०१८ मध्ये बदल अंशतः मागे घेतला गेला आणि त्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत रोजच्या वापरकर्त्यांची संख्या १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर, कंपनीच्या इतिहासात प्रथमच, घटल्याचे जाहीर झाले. इन्स्टाग्रामने पूर्ण पडदा व्यापणाऱ्या चित्रफितींचा प्रयोग जुलै २०२२ मध्ये आवरता घेतला, कारण ज्यांच्यामुळे इतर लोक तिथे येतात असे प्रसिद्ध चेहरेच तक्रार करू लागले होते.

भारतीय वाचकाला यातले व्हॉट्सॲपचे उदाहरण जवळचे वाटेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने नावाखाली दिसणारी साधी मजकुराची ओळ काढून तिथे चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या छायाचित्रांची व्यवस्था आणली. त्या वेळी भारतात तिचे महिन्याकाठी २० कोटी वापरकर्ते होते आणि ती तिची सर्वात मोठी बाजारपेठ होती. नाराजी इतकी सार्वत्रिक झाली की मार्चमध्ये मजकुराची ओळ परत आली. तथापि छायाचित्रांची व्यवस्थाही राहिली आणि आज तीच मुख्य आहे. ऐकणे म्हणजे बहुधा अशी तडजोड असते: जुने एका कोपऱ्यात परत मिळते, पण मूळ हेतू कंपनी सोडत नाही.

या सर्व घटनांच्या मुळाशी असलेल्या ‘ए/बी चाचणी’ची पद्धत समजून घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. एकाच ॲपची दोन रूपे करून वापरकर्त्यांच्या एका गटाला पहिले आणि दुसऱ्याला दुसरे दाखवायचे, आणि ज्या रूपात कंपनीला हवे ते वर्तन, म्हणजे जास्त वेळ, जास्त खरेदी, जास्त नोंदणी, अधिक आढळते ते सर्वांना लागू करायचे, अशी ती पद्धत आहे. तिच्यात कोणालाही काही विचारले जात नाही. आपण चाचणीत आहोत हेही त्या माणसाला ठाऊक नसते. तिचे निष्कर्ष सरासरीचे असतात, त्यामुळे शंभरांतील नव्वदांची सोय झाली आणि दहांचे काम कायमचे बंद पडले तर चाचणी त्या बदलाला यशस्वी ठरवते. शिवाय जो आधीच गळून गेला, ज्याचा फोन जुना होता म्हणून ॲप उघडलेच नाही, ज्याला सूचनेची भाषा कळली नाही म्हणून तो पहिल्या पायरीवरच थांबला, त्याची मोजणीत गणना सर्वात कमी होते. मोजणी ही ऐकण्याची जागा घेऊ शकत नाही, ती केवळ त्याला पूरक होऊ शकते, हे आग्रहाने सांगण्याची गरज इथे निर्माण होते.

मराठी लिपीचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपी प्रमाणित केली आणि मराठी वळणाचे पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ त्यात निश्चित झाले. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत हिंदी व मराठी ‘ल’ यांना एकच क्रमांक असल्यामुळे कोणते वळण दाखवायचे हे अक्षरसंच आणि सॉफ्टवेअर यांनी मजकुराची भाषा ओळखून ठरवायचे असते. ते अनेक ठिकाणी होत नाही, आणि सुरतेच्या लिंबायत, उधना, दिंडोली भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांतील मुलांना फोनवर मराठी वाचताना हिंदी वळणाची अक्षरे पाहण्याची सवय लागून जाते. याउलट ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडच्या २००८ मधील ५.१ आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले, कारण ती प्रक्रिया खुली आहे: प्रस्ताव लेखी असतो, त्यावर चर्चा होते आणि निर्णय प्रसिद्ध होतो. एका ठिकाणी उत्तर देण्याची रीत होती म्हणून म्हणणे पोहोचले. दुसऱ्या ठिकाणी अशी रीत नव्हती म्हणून ते वर्षानुवर्षे हवेत राहिले.

सरकारी सॉफ्टवेअरकडे वळल्यावर तिसरी वाट, म्हणजे निघून जाण्याची, पूर्णपणे बंद झालेली आढळते. आयकराचे विवरणपत्र दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर भरता येत नाही. इन्फोसिसने तयार केलेले, ज्याच्या प्रकल्पाला जानेवारी २०१९ मध्ये ४,२४२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती, असे आयकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवसापासून त्यात प्रवेश करणे, परताव्याची स्थिती पाहणे, अर्ज भरणे अवघड झाले. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नंदन नीलेकणी यांना उद्देशून जाहीर संदेश लिहिला, ऑगस्टमध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलिल पारेख यांना बोलावून घेतले आणि वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. सनदी लेखापालांच्या संघटना, व्यापारी मंडळे, वृत्तपत्रे यांच्यापाशी आवाज होता. वापरणारा निघून जाऊ शकत नसतानाही त्याला दोन-तीन महिन्यांत उत्तर मिळाले, ते या आवाजामुळे.

अंगणवाडी सेविकेपाशी तसा आवाज नव्हता. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून सेविका ‘मानद’ कार्यकर्ती मानली गेली. तिला पगार नसतो, मानधन असते. केंद्राने आपला वाटा २०१८ मध्ये दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केला, आणि त्यावर राज्ये आपापली भर घालतात. तिला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया यांच्या प्रकरणात मान्य केले, आणि ते प्रकरण गुजरातमधील दाहोद जिल्ह्याचे होते. म्हणजे कर्मचारी म्हणून तिला सर्व हक्क नाहीत, आणि ग्राहक म्हणून दुसरे ॲप निवडण्याची मुभाही नाही. हर्शमन यांच्या परिभाषेत बोलायचे तर तिच्यापुढे बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे काम सोडणे एवढाच होता.

आधी अंगणवाडीत अकरा नोंदवह्या असत. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झाल्यावर त्यांच्या जागी मोबाईल आला आणि त्यात ‘कॅस’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे ॲप होते. ते वापरणाऱ्या सेविकेला दरमहा ५०० आणि मदतनिसाला २५० रुपये प्रोत्साहन ठेवण्यात आले. २०२० मध्ये हे ॲप बंद करण्यात आले, आणि १ मार्च २०२१ पासून केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने पोषण ट्रॅकर आणले. ज्या स्त्रियांनी नोंदवहीतील वर्षानुवर्षांची सवय मोडून एक पडदा शिकून घेतला होता, त्यांना दुसरा पडदा शिकावा लागला. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या दिवसांत त्या घरोघर सर्वेक्षण करत होत्या, हे इथे विसरता कामा नये.

महाराष्ट्रात सेविकांच्या संघटनांनी मांडलेले आक्षेप अतिशय नेमके होते. दिलेल्या फोनची स्मृती २ जीबीची असल्याने नवे ॲप त्यात नीट बसत नव्हते. फोन तापत होते आणि मध्येच अडकत होते. हमीचा काळ संपल्यावर दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून करावा लागत होता. आणि ॲपमधील सूचना व रकाने मराठीत नव्हते. सातवी-दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या सेविकेने बालकाचे वजन, उंची, लसीकरण, गरोदर मातेची स्थिती ही सगळी माहिती इंग्रजी पडद्यावर भरायची, आणि चूक झाली तर कुपोषणाच्या आकड्याला तिलाच जबाबदार धरले जायचे, असा तो प्रकार होता. निवेदने दिली गेली, बैठका झाल्या, पण पडदा बदलला नाही. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी बालविकास प्रकल्प कार्यालयांत जाऊन सरकारी मोबाईल परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

‘मोबाईल वापसी’ या नावाने ओळखले गेलेले हे आंदोलन भारतीय संगणकव्यवहाराच्या इतिहासात नोंदले जायला हवे, तसे ते नोंदले गेलेले नाही. बाहेर पडण्याची वाट नसलेल्या माणसांनी ती सामूहिकपणे निर्माण केली: काम न सोडता केवळ पडदा सोडला. त्यांनी कागदी नोंदवह्या चालू ठेवण्याची तयारी दाखवली होती, म्हणजे विरोध नोंद ठेवण्याला नव्हता, नोंद ज्या रीतीने मागितली जात होती त्या रीतीला होता. परिणाम एकदम झाला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा संप झाला, त्याच्या मागण्यांत नवे मोबाईल होते आणि राज्याला ते देण्याचे मान्य करावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून मानधन आणि उपदानासाठी ५२ दिवसांचा आणखी एक संप झाला. पोषण ट्रॅकर आज २४ भाषांत उपलब्ध असल्याचे मंत्रालय सांगते आणि त्यात मराठी व गुजराती दोन्ही आहेत. देशातील सुमारे १४ लाख अंगणवाड्या व त्यांच्याशी जोडलेले १० कोटींच्या आसपास लाभार्थी त्यात नोंदलेले आहेत, आणि एवढी मोठी व्यवस्था उभी करणाऱ्या अभियंत्यांचे श्रम नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाषा ही पहिल्या दिवशी द्यायची गोष्ट होती. ती मिळण्यासाठी गरीब बायकांना फोन परत करावे लागले, ही वस्तुस्थिती ॲपच्या यशाने पुसली जात नाही.

ऐकण्याची रीत पक्की झाली असती, तर पुढच्या बदलाच्या वेळी तीच अडचण पुन्हा उभी राहिली नसती. घरी नेण्याचा शिधा खऱ्या लाभार्थ्यालाच मिळतो याची खात्री करण्यासाठी पोषण ट्रॅकरमध्ये चेहरा ओळखण्याची पायरी जोडण्यात आली आणि १ जुलै २०२५ पासून ती सक्तीची झाली. आधारशी पडताळणी, मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक, चेहऱ्याचे छायाचित्र आणि त्याची आधीच्या छायाचित्राशी जुळणी, असे तिचे टप्पे आहेत. देशभरातील सेविकांच्या संघटनांनी विरोध केला, कारण जाळे नसलेल्या गावात जुळणी होत नाही, जुन्या फोनवर ती अडकते, आणि सांकेतिक क्रमांक ज्या फोनवर येतो तो फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो.

ही शेवटची अडचण कामरेजच्या पडावांकडे पाहिले की तिच्या खऱ्या आकारात दिसते. पती-पत्नी मिळून एक कोयता, अशी ऊसतोडीत मजुरीची जोडी मानली जाते; घरातला एकमेव फोन बहुधा पुरुषाकडे, आणि तो पहाटेपासून फडात. कधी पत्नी बाळंतपणासाठी गावी राहते आणि फोन नवऱ्याबरोबर दोनशे किलोमीटरवर जातो. कधी दोघेही इकडे येतात आणि मूल आजीजवळ असते, मग नोंदवलेला चेहरा आईचा आणि शिधा घ्यायला आलेली आजी. गुजरातेत बालकांसाठी ‘बालशक्ती’, मातांसाठी ‘मातृशक्ती’ आणि किशोरींसाठी ‘पूर्णाशक्ती’ या नावांची पाकिटे सहकारी दूधसंघ तयार करतात, सुरतेचा ‘सुमूल’ हा त्यांपैकी एक. महाराष्ट्रातील आहाराचे स्वरूप वेगळे आहे. लाभार्थ्याचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीत स्थलांतरित करण्याची सोय ॲपमध्ये आहे, ही चांगली गोष्ट आहे, मात्र ती वापरण्यासाठी आईला ती सोय आहे हे ठाऊक हवे, कार्यकरला तिचे नाव सापडायला हवे आणि हंगाम संपल्यावर तेच सगळे उलट दिशेने घडायला हवे. चेहऱ्याच्या पायरीची रचना करताना ऊसतोड कुटुंबाचा सहा महिन्यांचा प्रवास समोर ठेवला असता, तर आजीचा चेहरा, दुसरा फोन किंवा सेविकेची साक्ष यांपैकी एखादा पर्याय पहिल्याच आवृत्तीत सन्मानाने आला असता. एका मुलाचा शिधा चुकणे ही तांत्रिक त्रुटी नाही, ते त्या मुलाचे जेवण आहे.

पर्याय ठेवण्याचा प्रश्न अंगणवाडीपुरता नाही; कामरेजला महामार्गावरच्या टोलनाक्याचाही अनुभव आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशभर फास्टॅग सक्तीचा झाला, रोखीची मार्गिका गेली आणि टॅग नसलेल्याला दुप्पट आकार लागू लागला. सुरत परिसरातील स्थानिक वाहनधारकांनी टोलमुक्तीसाठी याच नाक्यावर आंदोलने केली. केंद्राने १५ नोव्हेंबर २०२५ पासून टॅग नसताना यूपीआयने पैसे देणाऱ्यासाठी हा आकार सव्वापट केला. नियमात पर्याय ठेवता येतो, हे यातून सिद्ध होते.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. कोणताही बदल सुरुवातीला अप्रिय असतो, हाताची सवय मोडली की माणूस रागावतो आणि काही आठवड्यांनी तोच बदल त्याला नैसर्गिक वाटू लागतो; प्रत्येक तक्रारीपुढे मान तुकवली तर कोणतीही सुधारणा होणार नाही, आणि तक्रार करणारे सर्व वापरकर्त्यांचे प्रतिनिधी असतातच असे नाही. फेसबुकचा प्रवाह आणि ऑफिसची पट्टी या युक्तिवादाच्या बाजूने साक्ष देतात. परंतु सवय मोडल्याची तक्रार आणि काम अडल्याची तक्रार या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ओळखणे कठीण नसते. पहिलीत माणूस चिडतो, पण काम होते. दुसरीत काम होत नाही. ‘स्टार्ट’ यादी गेल्यावर नवख्या माणसाला संगणक बंद कसा करायचा हे सापडत नव्हते, इंग्रजी रकान्यापुढे सेविकेची नोंद होत नव्हती, चेहरा न जुळल्यास शिधा मिळत नाही. या तिन्ही तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि त्या संख्येने कितीही थोड्या असल्या तरी सरासरीत विरून जाता कामा नयेत.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते की खासगी कंपन्या ऐकतात, पण ज्याच्या जाण्याने त्यांचे नुकसान होते त्याचेच आधी ऐकतात. आणि सरकारी यंत्रणा ज्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो त्याचे आधी ऐकते. सौजन्यावर किंवा अभिप्रायाच्या पेटीवर भिस्त ठेवून हे बदलणार नाही. ऐकणे बंधनकारक करावे लागेल. त्या दिशेने काही पावले पडली आहेत. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या पडदा-युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्या व दृष्टिहीन व्यक्तींना चेहऱ्यावर आधारित ओळख-पडताळणी करता येत नाही या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी, प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पर्यायी पद्धती ठेवण्याबाबत निर्देश दिले. डोळ्यांची उघडझाप करू न शकणाऱ्या नागरिकाला जो न्याय लागू झाला, तो ज्याच्या गावात जाळे नाही आणि ज्याचा फोन दुसऱ्या जिल्ह्यात आहे त्या कुटुंबाला लागू न होण्याचे सबळ कारण दिसत नाही.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायद्यांचे मसुदे मंजुरीआधी किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारले. शिधा मिळण्याची अट बदलणारा पडदा हा परिणामाने नियमच असतो, तरी त्याच्यासाठी अशी कोणतीही मुदत नाही. एका रात्रीत ॲप अद्ययावत होते आणि सकाळी सेविकेला नवी पायरी दिसते. माहिती अधिकार कायदा, २००५ याच्या कलम ४(१)(ग) नुसार लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि ४(१)(घ) नुसार बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्याची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांतील अंगणवाडी संघटनांनी, आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहू इच्छिणाऱ्या वाचकांनी, दहा रुपयांचा अर्ज करून मंत्रालयाला विचारावे की चेहरा ओळखण्याची पायरी सक्तीची करण्याआधी तिची चाचणी कोणत्या तालुक्यांत झाली, किती जणांची जुळणी झाली नाही, आणि सेविकांनी कळवलेल्या अडचणींना काय उत्तर दिले गेले. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.